नववा रकाना

फोन आला तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होते. अहवालाची शेवटची मुद्रितं टेबलावर आली की मी आधी पेन्सिलीला टोक करते, मग चष्मा पुसते, मग खुर्ची वीतभर पुढे ओढते. बारा वर्षांत या क्रमात बदल नाही. फोनवर लांबच्या एका ठाण्याचा हवालदार होता. आवाज संथ, शिळोप्याच्या गप्पा मारायला बसल्यासारखा. "मॅडम, ते हत्यारं जमा करायच्या कायद्याचं पुस्तक तुम्हीच काढता ना दरवर्षी?" मी हो म्हटलं. "मग एक विचारायचं होतं. नवव्या रकान्यात आमच्या ठाण्यापुढे तुम्ही दरवर्षी शून्य छापता. ते शून्य तुम्हाला कुणी कळवलं?" मी म्हटलं, "तुम्हीच." तो म्हणाला, "नाही मॅडम. आम्ही तिथे काहीच लिहीत नाही." तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. हिशेब लागत नसला की माणूस विचारतो तसं विचारलं त्याने. पण माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता हा नववा रकाना काय ते सांगायला हवं, कारण माझी बारा वर्षं त्यात गेलीत आणि बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. घरातल्या माणसांना जिवाची धमकी देणाऱ्याकडची बंदूक काढून घ्यावी, असा कायदा आहे. कोर्ट आदेश काढतं, ठाणं तो बजावतं, आणि बंदूक ठाण्यात जमा होते. हे सगळं कुठे किती झालं ते सरकारला वर्षातून एकदा छापून सांगावं लागतं. ते सांगणारी मी. सातव्या रकान्यात आदेश किती निघाले, आठव्यात बजावले किती, नवव्यात हत्यारं जमा किती झाली. आदेश सरसकट निघतो, त्या माणसाकडे बंदूक असो वा नसो, त्यामुळे आठव्यात पाच आणि नवव्यात काहीच नाही असं पुष्कळदा दिसतं. मी या खात्यात आले तेव्हा अहवाल दोन-दोन वर्षं रखडायचा, कारण प्रत्येक रिकाम्या रकान्यासाठी ठाण्याला पत्र जायचं आणि त्या पत्राला उत्तर यायचं नाही. पहिल्याच वर्षी मी नियम केला. नववा रकाना रिकामा असेल तर निरंक समजावं. म्हणजे त्या लोकांकडे बंदुकाच नव्हत्या. घोंगडं भिजत पडलं होतं ते एका ओळीत वाळलं. अहवाल वेळेवर निघाला, माझी पाठ थोपटली गेली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं की या बाईंच्या पुस्तकाला आजवर एक शुद्धिपत्र लागलेलं नाही. ते वाक्य मी बारा वर्षं जपून वापरते आहे. उदास वाटलं की आठवते, आणि बरं वाटतं.

मला माझं काम आवडतं हे सांगायला लाजायचं कारण नाही. आमच्या खोलीत चार टेबलं, दोन खिडक्या, पाणी ठिबकणारा एक नळ आणि भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर. ते मीच काढू देत नाही, कारण त्याची तारखांची अक्षरं मोठी आहेत. बाकीचे लोक घडलेल्या गोष्टींचे अहवाल काढतात, चोऱ्या किती, अपघात किती. माझा अहवाल न घडलेल्या गोष्टींचा. एक बंदूक जमा झाली म्हणजे कुठल्यातरी स्वयंपाकघरात काहीतरी घडायचं राहिलं. त्या घरात बाई उठली, तिने दूध तापवलं, पोरांवर खेकसली, आणि तो दिवस कुणाच्याही लक्षात राहिला नाही. असे दिवस मी मोजते. नवीन उमेदवार आले की हे मी त्यांना सांगते आणि त्याला जोडून आमच्या घरची गोष्ट सांगते. तेवढ्यासाठी लोक माझ्या टेबलाशी खुर्ची ओढतात.

मी नऊ वर्षांची असताना बाबांची नोकरी गेली. एका पेढीच्या दारात ते बंदूक घेऊन उभे राहायचे. पेढी बुडाली, बंदूक स्वतःची होती म्हणून घरी आली. आधी ते नुसते गप्प झाले. मग एके दिवशी जेवताना, आवाज न चढवता, ताटाकडे बघत म्हणाले, "सगळ्यांचंच एकदा संपवून टाकावं." माझ्या धाकट्या भावाला वाटलं, ताटातलं संपवायला सांगतायत. तो भराभरा जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा आई चादरीत गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू काखेत मारून जिना उतरत होती. चौकीत देऊन येते, एवढंच म्हणाली. संपली गोष्ट. सात महिन्यांनी बाबांना घड्याळांच्या कारखान्यात काम मिळालं, ते पुन्हा शीळ घालायला लागले, पुढे पंचवीस वर्षं जगले, नातवाला खांद्यावर घेऊन फिरले. आणि पाहुणे आले की स्वतःच सांगायचे, "आमच्या हिने मला निःशस्त्र केलं बरं का." सगळे हसायचे. आई तेवढ्यात पाणी आणायला उठायची. आमच्या घरात ही विनोदाची गोष्ट आहे, आणि मी हे काम का करते त्याचं उत्तरही तीच आहे. ते सात महिने मला वाईट आठवतच नाहीत. उलट रोज रात्री आई यायची, गादीखाली हात घालून चादर नीट खोचायची, आणि मग मला झोप लागायची, हे आठवतं. गादीत तेव्हा कापसाची गुठळी झाली होती. "कडेला सरक," आई म्हणायची. मी अजून पलंगाच्या कडेलाच झोपते. एवढा मोठा पलंग घेतला आणि त्यातला पाऊण भाग माझ्या पुस्तकांनाच मिळाला.

हवालदार अजून फोनवर होता. मी विचारलं, "मग बंदुका निघतात का तुमच्याकडे?" तो म्हणाला, "निघतात की. वर्षाला दोन-तीन. पण जमा करायची तर कुलुपाचं लोखंडी कपाट लागतं, ते आमच्याकडे नाही. मग आम्ही सांगतो, घरातल्याच कुणाच्या तरी ताब्यात ठेवा. आता याला जमा म्हणावं की नाही म्हणावं? खोटं कशाला लिहा, म्हणून रिकामं सोडतो." मी म्हटलं, "कपाट मागा ना मग." "तीनदा मागितलं. वरून उत्तर येतं, तुमच्या ठाण्यात हत्यारं निघतच नाहीत, कपाट कशाला? सोबत तुमच्या पुस्तकाच्या पानाची प्रत जोडलेली असते." तो हसला. मला हसू आलं नाही. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. पंधरा दिवसांपूर्वी एक बाई नवऱ्याची बंदूक घेऊन ठाण्यात आली होती. त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं, घरातल्याच कुणाच्या तरी ताब्यात ठेवा. बाई म्हणाली, "घरात मी आणि तेच." "मग काय करणार मॅडम, मी घेऊन ठेवली. माझ्या टेबलाखाली आहे, पोत्यात. पाय लांब करता येत नाहीत. महिनाअखेरीला तपासणी आहे; कपाटाशिवाय हत्यार ठेवलं म्हणून मला झापतील, ते जाऊ दे, पण ती बंदूक तिच्या घरी परत पाठवतील. म्हणून म्हटलं, पुस्तक छापून व्हायच्या आत विचारावं."

मी ठाण्यांनी भरून पाठवलेल्या नमुन्यांच्या थप्प्या काढल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा मी भरलेले रकाने सोडून रिकामे बघायला बसले. खरं शून्य लिहिणारी ठाणी होती, वळणदार गोल शून्य, कुणी कंटाळून काढलेलं चपटं शून्य. आणि एकतीस ठाण्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. दरवर्षी साधारण तीच. काहींनी तिथे एक बारीक ठिपका दिला होता, लिहायला पेन टेकवावं आणि उचलावं तसा. तो ठिपका मी शाईचा डाग समजत आले होते. कपाटांचं वाटप माझ्या तक्त्यावरून होतं हे मला ठाऊक होतं, त्याचा अभिमानही होता. पण कपाट नाही म्हणून रकाना रिकामा, रिकामा म्हणून माझं शून्य, आणि शून्य म्हणून कपाट नाही, हे चाक मीच फिरवतेय हे ध्यानात आलं नव्हतं. साहेबांच्या भाषणात तर याच एकतीस ठाण्यांचं "शांत विभाग" म्हणून कौतुक असायचं.

साहेब चांगला माणूस आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या दहाला छपाई सुरू होते. आता तक्ता बदलायचा तर मागची बारा पुस्तकं उघडी पडणार, आणि ती पुस्तकं तुमची आहेत. पुढच्या वर्षी शांतपणे नवीन नमुना काढू. त्या हवालदाराला तोंडी सांगू, सांभाळून घे म्हणून." खरं सांगते, मला हायसं वाटलं. साहेबांनी नाही म्हटलं की आपण सुटतो. नोकरीतलं हे एक मोठं सुख आहे. तक्त्यावर सही त्यांची, जबाबदारी त्यांची. मी मुद्रितांवर "ठीक" लिहून पाठवून दिलं आणि घरी चालत गेले. वाटेत चपला दुरुस्त करायला टाकल्या होत्या त्या घेतल्या, दुरुस्तीवाल्याने टाके छान घातले होते. हवा मोकळी होती. आपण बरं की आपलं काम बरं, असं मी दोनदा मनात म्हटलं. दुसऱ्यांदा का म्हणावं लागलं याचा विचार केला नाही.

जेवताना मी आईला हवालदाराची गोष्ट सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. टेबलाखाली पोत्यात बंदूक, पाय लांब करता येत नाहीत, वगैरे. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, कानाने तिखट, आणि जेवताना फारशी बोलत नाही. मी हवालदाराचं वाक्य त्याच्यासारखं संथ आवाजात म्हटलं, "घरातल्याच कुणाच्या तरी ताब्यात ठेवा." आईचा घास हातातच राहिला.

"अजून तसंच म्हणतात का?" ती म्हणाली.

"कोण?"

"चौकीवाले. मलाही तेच म्हणाला होता. आमच्याकडे कपाट नाही बाई, घरातल्याच कुणाच्या तरी ताब्यात ठेवा. माणूस वाईट नव्हता. बसायला स्टूल दिलं होतं त्याने."

मला आधी ते वाक्य कुठे बसवावं तेच कळेना. मी म्हटलं, "म्हणजे? तू जमा करून आलीस ना?"

"मी कधी म्हटलं जमा करून आले म्हणून? तुम्हीच म्हणत होता सगळे."

खरंच, ती कधी म्हणाली नव्हती. बाबा म्हणायचे, भाऊ म्हणायचा, मी तर पगार घेऊन म्हणत होते. आई पाणी आणायला उठायची. मी विचारलं, "मग कुठे होती?" तिने घास तोंडात घातला, चावला, गिळला. "तुझ्या गादीखाली," ती म्हणाली. "दुसरी जागाच नव्हती. कपाटं ते उघडायचे, माळ्यावर चढायचे, शेजारणीला सांगावं तर बभ्रा. पण ते निजलेल्या पोरीच्या अंगाखालचं ओढून काढणार नाहीत, एवढं मला माहीत होतं. तू जागी झाली असतीस. तुझी झोप मोडलेली त्यांना चालायची नाही. आणि दिवसा तिथे पांघरुणांची चळत." मी विचारलं, "आणि काडतुसं?" आई म्हणाली, "ती मला सापडली नाहीत. सात महिने शोधली."

मी ताटावरून उठले नाही, रडलेही नाही. कापसाची गुठळी. मला तिची लांबी आठवली. कुशीवर वळलं की बरगडीला लागायचं ते टणक काहीतरी, आणि मी अर्धवट झोपेत कडेला सरकायचे, भिंतीचा गार स्पर्श गालाला लागेपर्यंत. घरात बंदूक नव्हती म्हणून आम्ही वाचलो, ही माझी गोष्ट होती. बंदूक घरातच होती. आम्ही वाचलो कारण एका खचलेल्या माणसाला मुलीची झोप मोडवली नाही. माझं वजन तेव्हा किती असेल? वीस-बावीस किलो. आईने सांगितलं नाही, आणि जे सांगितलं नाही तिथे मी शून्य लिहून मोकळी झाले. तिच्या बाबतीतही मी तोच नियम लावला होता. राग कुणाचा आला नाही, बाबांचा तर नाहीच. उलट त्यांच्याबद्दल माया दाटून आली. पण हवालदाराने सांगितलेल्या त्या बाईच्या घरात गादीवर निजायला कुणी नाही. घरात ती आणि तेच.

शुद्धिपत्राबद्दल एक गोष्ट आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तिचा उपयोग करत नाही. तक्त्यावर साहेबांची सही लागते, शुद्धिपत्रावर फक्त संकलकाची, म्हणजे माझी. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार, म्हणून तो नियम पडून असतो. सकाळी सातला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. "तक्ता चार, रकाना नऊ. पुढील एकतीस ठाण्यांपुढे शून्य छापले आहे. तेथे 'माहिती नाही' असे वाचावे. या ठाण्यांत हत्यारे निघतात. ठेवायला जागा नाही. हीच चूक मागील बारा अहवालांत आहे. चूक संकलकाची आहे." शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. "माहिती नाही" असं छापलं गेलं की तपासणीवाल्यांना तिथलं हत्यार परत पाठवता येत नाही. आधी जागा द्यावी लागते, मग तपासणी. एवढे दोन शब्द त्या हवालदाराला हवे होते आणि ते माझ्या पेनात होते.

साहेबांना मी छापखान्यातूनच फोन केला. त्यांनी शुद्धिपत्र पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हटलं, "हो साहेब, पण बघून पाडतेय." ते म्हणाले, "भाषणातला शांत विभाग काढावा लागेल," आणि फोन ठेवला. छापखान्याच्या फोरमनने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "तुमच्या पुस्तकाला शुद्धिपत्र? पिवळ्या कागदावर घेऊ का? उठून दिसेल." मी पिवळ्यावर घ्या म्हटलं. संध्याकाळपर्यंत मी त्याच्या माणसांबरोबर बसून प्रत्येक प्रतीत तक्ता चारसमोर पिवळा कागद चिकटवत होते. खळीचा वास बोटांना दोन दिवस येत होता. मला वाटलं होतं वाईट वाटेल, बारा वर्षांचं ते वाक्य गेलं म्हणून. वाटलं थोडं. पण चिकटवताना हात छान चालत होता आणि भूक कडकडून लागली.

पुढच्या चार-सहा दिवसांत खात्यात कुजबूज झाली, एकाने मला "पिवळ्या बाई" म्हटलं, आणि वरून एक खुलासा मागवला गेला; तो मी एका ओळीत दिला. बढतीच्या यादीतलं माझं नाव खाली गेलं. मग महिनाअखेरीला हवालदाराचा फोन आला. "आलं कपाट, मॅडम. जुनं आहे, कुणाच्यातरी गोदामातलं, पण कुलूप दणकट आहे. पाय लांब करून बोलतोय तुमच्याशी." मी त्या बाईंबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्या रोज यायच्या. बोलायच्या काही नाहीत. दारात उभ्या राहून टेबलाखाली वाकून बघायच्या, पोतं आहे की नाही, आणि जायच्या. आता कपाटात आहे, दिसत नाही. आज आल्या, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि गेल्या. उद्याही येतील."

ते मी संध्याकाळी आईला सांगितलं. आई माझ्या पलंगावर चादर घालत होती; ते काम ती अजून मला करू देत नाही. पुस्तकं तिने खाली काढून ठेवली होती, आणि उशी मधोमध ठेवली होती. ती म्हणाली, "येणारच. मीही बघायचे ना. रोज. तू आडवी झालीस की गादीखाली हात घालून बघायचे, आहे ना जागेवर."

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. तोच हात गादीच्या कडेखाली शिरत होता.

मी म्हटलं, "मला वाटायचं, तू चादर खोचतेस."

"चादरही खोचायचे की," आई म्हणाली.